इंजिनाच्या तापाचा जमाखर्च

मोटारींची शर्यत म्हटली, की आपल्या डोळ्यांपुढे परदेशातल्या त्या बसक्या, लांबोड्या, विजेसारख्या पळणाऱ्या गाड्या येतात. आज मी त्या गाड्यांबद्दल बोलणार नाही. ज्या लहान गाडीतून माणूस सोमवारी कामावर जातो, बाजाराच्या दिवशी भाजीची पिशवी आणतो, आणि एखाद्या रविवारी हौसेखातर तीच गाडी शर्यतीच्या मैदानात उतरवतो, त्या गाडीबद्दल मला चार गोष्टी सांगायच्या आहेत. अशा गाडीला मैदानात सर्वांत मोठे भय कशाचे असेल, तर ते इंजिन तापण्याचे.

तुम्ही म्हणाल, आम्हां खेड्यातल्या माणसांना शर्यतीशी काय करायचे आहे? पण तुमच्या गावात ट्रॅक्टर आहे, घाट चढणारी जीप आहे, कुणाच्या विहिरीवर पाण्याने थंड होणारे ऑइल इंजिन आहे. या सगळ्यांना येणारा ताप एकाच जातीचा. शर्यतीत तो पाच मिनिटांत दिसतो, शेतावर पाच तासांत दिसतो, एवढाच काय तो फरक. म्हणून जे शर्यतीच्या गाडीला लागू, ते थोड्याफार फरकाने तुमच्या ट्रॅक्टरलाही लागू.

लहान गाडीने शर्यतीच्या भानगडीत पडावे का, अशी शंका काहींना येईल. तिचे उत्तर इतिहासाने दिलेले आहे. सन १९६४ मध्ये माँटे कार्लोची प्रसिद्ध रॅली पॅडी हॉपकर्क या चालकाने जिंकली, ती मिनी कूपर या खेळण्याएवढ्या दिसणाऱ्या गाडीतून. आपल्याकडे डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली आणि हौशी माणसाला परवडेल अशी गाडी मिळाली. तिचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. पण तोवर ती कितीतरी हौशी चालकांची पहिली शर्यतीची गाडी ठरली होती. तीन सिलिंडरचे, ७९६ घनसेंटिमीटरचे एवढेसे तिचे इंजिन. आजच्या विवेचनासाठी आपण तीच गाडी डोळ्यांपुढे ठेवू.

हौशी शर्यतींपैकी सर्वांत सोपा प्रकार म्हणजे ऑटोक्रॉस. मोकळ्या मातीच्या मैदानात वळणावळणाचा मार्ग आखतात. बहुधा एका वेळी एकच गाडी सोडतात आणि घड्याळ लावून वेळ मोजतात. मार्ग लहान, वळणे फार. त्यामुळे गाडी जेमतेम तिसऱ्या गिअरपर्यंत जाते. पाय मात्र ॲक्सिलरेटरवर पुरता दाबलेला. इंजिन ओरडत असते, आणि गाडीचा वेग पाहावा तर ताशी चाळीस-पन्नास किलोमीटर. सगळ्या दुखण्याचे मूळ इथे आहे. ते कसे, ते आता पाहू.

मी मोटारीचा मेस्त्री नव्हे, गणिताचा मास्तर आहे. म्हणून मला ही गोष्ट जमाखर्चाच्या वहीसारखी मांडायला आवडते. समजा, तुम्ही १०० रुपयांचे पेट्रोल जाळले. त्यातले २५-३० रुपये चाके फिरवण्याच्या कामी लागतात. तीस-पस्तीस रुपयांची उष्णता धुराबरोबर मागच्या नळीतून निघून जाते. जवळजवळ तेवढीच उष्णता इंजिनाभोवती खेळणाऱ्या पाण्यात उतरते. राहिलेली चिल्लर इकडे तिकडे खर्च होते. म्हणजे, ढोबळ मानाने बोलायचे तर, चाकांना जेवढी शक्ती मिळते, साधारण तेवढीच उष्णता पाण्याला दर क्षणी बाहेर नेऊन टाकावी लागते. ही झाली जमा. रेडिएटरमधून वाऱ्यावर जी उष्णता जाते, तो खर्च. जमा आणि खर्च सारखे असले, की काटा मध्यावर स्थिर राहतो. जमा वाढली किंवा खर्च तुंबला, की काटा वर चढू लागतो. तापाचे शास्त्र एवढेच.

आता आकडे घालून पाहा. शिक्षक मंडळींनी हा हिशेब फळ्यावर मांडून मुलांकडून करून घ्यावा. इंजिनाची शक्ती ३७ अश्वशक्ती धरा. म्हणजे सुमारे २७ किलोवॉट. पूर्ण जोर लावला, तर पाण्यात उतरणारी उष्णताही २७ किलोवॉटच्या घरात जाईल. शहरातल्या न्हाणीघरात पाणी तापवण्याचा विजेचा गीझर असतो, तो २ किलोवॉटचा. असे तेरा-चौदा गीझर एकदम लावल्यासारखे झाले! आणि पाणी किती? धरून चाला, चार लिटर. रेडिएटरने काम पुरते बंद केले, तर हे पाणी दर सेकंदाला दीड अंशाने तापेल. इंजिनाचे लोखंडही थोडी उष्णता पोटात घेते म्हणून प्रत्यक्षात जरा जास्त वेळ लागतो. पण तो मिनिटांत मोजण्याइतकाच.

रस्त्यावर आपण सपाटीवरून ताशी साठ किलोमीटरने जातो, तेव्हा या शक्तीचा चौथा हिस्साही लागत नाही. शिवाय समोरून वारा भरपूर येतो. म्हणजे जमा थोडी आणि खर्चाला वाट मोकळी. मैदानात नेमके उलटे होते. जमा चौपट आणि वारा कमी! शिवाय धूळ, मध्यान्हीचे ऊन, आणि एक फेरी संपली की दुसऱ्या फेरीच्या रांगेत उभे राहणे. म्हणून वर्षभर रस्त्यावर कधी न तापलेली गाडी मैदानात दुसऱ्या फेरीलाच तापते. मालक म्हणतो, "काल तर चांगली होती!" कालही ती तशीच होती, बरं का. काल तिची परीक्षा झाली नव्हती, इतकेच.

मग उपाय काय? जमा कमी करावी म्हटले, तर शर्यतच सोडून द्यावी लागेल. तेव्हा खर्चाची वाट मोकळी ठेवणे, हाच खरा उपाय. ही वाट तीन टप्प्यांची आहे. उष्णता धातूतून पाण्यात येते, पाण्याबरोबर रेडिएटरमध्ये जाते, आणि रेडिएटरच्या पत्र्यांवरून हवेत जाते. तिन्हींपैकी एक टप्पा जरी तुंबला, तरी बाकीच्या दोघांचे काही चालत नाही.

पहिला टप्पा धातू आणि पाण्याचा. आपल्याकडे रेडिएटरमध्ये विहिरीचे किंवा बोअरचे पाणी घालण्याची सवय फार. हे पाणी जड असते. चहाच्या पातेल्याच्या तळाशी जसा पांढरा थर धरतो, तसाच थर इंजिनाच्या आतल्या पोकळीत आणि रेडिएटरच्या नळ्यांत धरतो. हा थर उष्णतेला अडवतो. वरून पाहावे तर पाणी काठोकाठ भरलेले. आत मात्र धातूला जणू गोधडी पांघरलेली! म्हणून पाणी घालायचे ते बॅटरीत घालतात तसले शुद्ध, आणि त्यात गंज रोखणारे कूलंट मिसळलेले असावे. एक गोष्ट इथे सांगून ठेवतो. कूलंट जितके जास्त तितकी गाडी थंड, ही समजूत चुकीची आहे. उष्णता वाहून नेण्यात साध्या पाण्याचा हात कुणी धरणार नाही. एक लिटर पाणी एका अंशाने तापताना जेवढी उष्णता घेते, तेवढी घ्यायला सुमारे साडेतीन हजार लिटर हवा लागते! कूलंटमधले ग्लायकॉल या बाबतीत पाण्याहून उणे. त्याचे गुण वेगळे: ते पाण्याचा उत्कलनबिंदू वाढवते, थंडीत पाणी गोठू देत नाही, आणि त्यात मिसळलेली औषधे गंज धरू देत नाहीत. तेव्हा प्रमाण गाडीच्या पुस्तकात दिले असेल तेच ठेवावे. काही शर्यतीच्या मार्गांवर ग्लायकॉल सांडले तर रस्ता निसरडा होतो म्हणून त्याला मनाई असते. तिथे पाणी आणि गंजरोधक एवढेच वापरावे.

दुसरा टप्पा पाण्याच्या फिरण्याचा. पाण्याचा पंप, त्याला फिरवणारा पट्टा, रबरी नळ्या आणि थर्मोस्टॅट ही यातली मंडळी. जुन्या झालेल्या खालच्या नळीवर विशेष नजर ठेवा. पंप तिच्यातून पाणी ओढतो. रबर मऊ पडले असेल, तर इंजिन जोरात फिरताना ती आतल्या आत चपटी होते. गाडी उभी असताना तपासावी तर नळी एकदम छान! आणि थर्मोस्टॅटबद्दल काय सांगावे? "गाडी तापते? थर्मोस्टॅट काढून टाका!" हा सल्ला गावोगावच्या गॅरेजात फुकट मिळतो. श्रोतेहो, थर्मोस्टॅट म्हणजे पाण्याच्या वाटेवरचा दरवान. पाणी सुमारे ८२ ते ८८ अंश सेल्सिअसपर्यंत तापले, की तो दार उघडतो. तो अडकून बसला असेल, तर बदलावा. काढून मात्र टाकू नये. तो नसला, तर इंजिन वेळेवर गरम होत नाही, पेट्रोल जास्त खाते, सिलिंडर झिजतात. काही इंजिनांत तर पाणी रेडिएटरची वाट सोडून आडवाटेनेच इंजिनात परत येते, आणि ज्या तापासाठी दरवान काढला, तो ताप उलट वाढतो.

याच टप्प्यात रेडिएटरच्या झाकणाची गोष्ट येते. पुष्कळांना वाटते, झाकण म्हणजे पाणी सांडू नये म्हणून लावलेले बूच. पण त्या झाकणात स्प्रिंग आहे. ती आतला दाब वाढवून धरते. आपल्या प्रेशर कुकरचे तत्त्व तेच. साध्या हवेत पाणी १०० अंशांना उकळते. झाकणाने चौरस सेंटिमीटरला ०.९ किलोचा जादा दाब धरला, की ते ११८ अंशांच्या आसपास उकळते. म्हणजे या स्वस्त झाकणाने आपल्याला अठरा अंशांची सवलत दिली! त्याचे रबर फाटले, की ती सवलत गेली.

उंचीवर हे झाकण आणखी मोलाचे ठरते. महाबळेश्वराच्या उंचीवर उघडे पाणी ९५ अंशांच्या आसपास उकळते. 'रेड-दि-हिमालय' ही रॅली १९९९ मध्ये सुरू झाली, आणि तिच्यात लहान गाड्यांनीही हिमालयातल्या खिंडी ओलांडल्या. लडाखमधली खारदुंग ला ही खिंड ५,३०० मीटरांहून उंच. तिथे उघडे पाणी ८३ अंशांच्या सुमाराला उकळते. आता मघाचा थर्मोस्टॅट आठवा. जिथे दरवान दार उघडतो, तिथेच पाणी उकळू लागते! झाकण चांगले असेल, तर तेच पाणी ११० अंशांपर्यंत दम धरते. बाहेर बर्फ पडलेले असताना इंजिन तापते, याचे नवल वाटणाऱ्यांना हे उत्तर आहे.

तिसरा टप्पा हवेचा, आणि मैदानात सगळ्यांत जास्त तुंबतो तो हाच. रेडिएटरच्या बारीक पत्र्यांमध्ये चिखल, गवताचे तुस, किडे बसतात. मळणीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या जाळीत भुस्सा भरतो आणि ट्रॅक्टर तापतो, हे शेतकरी मंडळींना सांगायला नको. तोच प्रकार इथे. धुताना पाणी आतून बाहेर सोडावे, म्हणजे कचरा ज्या वाटेने आला त्याच वाटेने परत जातो. धार हलकी ठेवावी. जोराच्या धारेने पत्रे वाकतात आणि वाऱ्याची वाट कायमची बंद होते. समोरच्या जाळीवर मोठाले दिवे आणि क्रमांकाच्या पाट्या लावून हौशी मंडळी वारा अडवतात, ते टाळावे. रेडिएटरच्या चहूबाजूंच्या फटीही बुजवाव्यात. वारा आळशी असतो; त्याला बाजूने वाट मिळाली, तर तो पत्र्यांतून कशाला जाईल? बॉनेटची मागची कड उचलून ठेवली की गरम हवा बाहेर जाते, अशीही एक समजूत आहे. गाडी उभी असताना ते खरे. पण गाडी धावू लागली, की काचेच्या पायथ्याशी वाऱ्याचा दाब साचतो आणि बाहेरची हवा त्या फटीतून उलट आत घुसू पाहते. मग पुढून येणाऱ्या हवेला निघायला वाव राहत नाही.

विजेचा पंखा आदल्या दिवशी तपासावा. इंजिन उभ्या जागी चालू ठेवून काट्याकडे पाहत बसावे. ठरावीक तापमानाला पंखा आपोआप सुरू झाला पाहिजे आणि हवा इंजिनाच्या दिशेने गेली पाहिजे. तारांची जोडणी कुणी उलटी केली असेल, तर पंखा उलटा फिरतो आणि समोरून येणाऱ्या वाऱ्याशीच झगडत बसतो. पाणी नव्याने भरले असेल, तर गाडीचे तोंड चढाकडे करून भरावे, म्हणजे आत अडकलेली हवा निघून जाते. ऑइलची पातळी पाहावी, कारण पिस्टनची बरीच उष्णता ऑइलच वाहून नेते. टायमिंग ठरल्या खुणेवर आहे ना, ब्रेक घासत नाहीत ना, हेही पाहून घ्यावे.

प्रत्यक्ष शर्यतीच्या दिवशी तीन पथ्ये पाळावीत. फेरी संपली, की लगेच इंजिन बंद करू नये. मिनिटभर ते मंद चालू द्यावे. एकदम बंद केले, तर पंप थांबतो, आणि धातूतली साठलेली उष्णता जागच्या पाण्यात उतरून ते उकळते. दुसरे, गाडी वाऱ्याकडे तोंड करून, जमल्यास सावलीत उभी करावी आणि बॉनेट उघडावे. तिसरे, एअर कंडिशनर बंद ठेवावा. आणि काटा चढू लागलाच तर गाडीतला हीटर पुरता उघडावा. चालकाला घाम फुटेल, पण तो हीटर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटरच आहे.

इथे एक उदाहरण देतो. माझा एक जुना विद्यार्थी आता माध्यमिक शाळेत शिक्षक आहे. कर्ज काढून घेतलेली जुनी गाडी. तीतूनच तो पत्नीला तालुक्याच्या दवाखान्यात नोकरीवर सोडतो आणि पुढे शाळेत जातो. एका ऑटोक्रॉसच्या शेवटच्या फेरीत त्याचा काटा लाल रेघेपाशी गेला. दोन वळणे राहिली होती आणि तोवर तो त्याच्या गटात पहिला होता. त्याने पाय उचलला आणि गाडी बाजूला घेतली. मित्र धावत आले. "अरे, दोन वळणं तर होती!" तो म्हणाला, "दोन वळणं होती, पण सोमवारही होता." पाहिले तर खालच्या नळीचा चाप ढिला होऊन पाणी गेले होते. गाडी निवल्यावर चाप आवळला, पाणी भरले, आणि संध्याकाळी ती गाडी आपल्या चाकांवर घरी गेली.

ती दोन वळणे त्याने घेतली असती तर? अशा इंजिनाचे डोके ॲल्युमिनियमचे असते. ॲल्युमिनियम उष्णतेने बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगते. मर्यादेबाहेर तापले, की डोके वाकते, गॅस्केट उडते, पाणी सिलिंडरमध्ये आणि ऑइलमध्ये शिरते. मग डोके उतरवा, घासून सपाट करून घ्या, आणि महिन्याचा पगार गॅरेजात मोजा. आणखी एक सावधगिरीची सूचना. पाणी पुरते निघून गेले, की कधी कधी काटा एकदम खाली येतो, कारण तापमान मोजणारा तुकडा पाण्याबाहेर उघडा पडतो. चालक मनाशी म्हणतो, "चला, निवली गाडी!" आणि पुन्हा पाय दाबतो. चढलेला काटा अचानक पडला, तर तो सर्वांत वाईट निरोप समजा आणि तत्काळ थांबा.

थांबल्यावर झाकणाला हात लावू नका. हे वाक्य मी पुन्हा म्हणतो: गरम रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका. आत शंभराहून जास्त अंशांचे पाणी दाबाखाली बसलेले असते. झाकण फिरवताच दाब जातो आणि ते पाणी त्याच क्षणी वाफ होऊन तोंडावर उसळते. याने माणसे भाजतात, डोळे जातात. निदान अर्धा तास थांबावे, वरची नळी हाताला कोमट लागू द्यावी, मग जाड फडके घेऊन झाकण सावकाश, अडखळत उघडावे. इंजिनावर गार पाणी ओतू नये. तापलेल्या धातूला तडा जातो.

शिक्षकांना एक प्रयोग सुचवतो. दोन सारखे पत्र्याचे डबे घ्या. दोन्हींत सारखेच गरम पाणी भरा. एकाला कोरडे गोणपाट गुंडाळा, दुसरा उघडा ठेवा. दोन्ही पंख्यासमोर ठेवून दर दोन मिनिटांनी तापमान लिहा. पंधरा मिनिटांत मुलांना कळेल, की वारा असून भागत नाही. तो पत्र्याला लागला पाहिजे. मग त्यांना शाळेजवळच्या एखाद्या ट्रॅक्टरची जाळी दाखवा. ट्रॅक्टर बंद आणि निवलेला असावा, हे सांगायला नकोच. झाकणाची गोष्टही त्याच वेळी सांगा. मुले घरी जाऊन वडिलांना सांगतील.

श्रोतेहो, हौस चांगली. धाकटी गाडी घेऊन मैदानात उतरण्यात एक आनंद आहे आणि त्यात यंत्राची ओळखही होते. पण संसाराच्या जमाखर्चात जशी उधळपट्टी एक दिवस उघडी पडते, तशी इंजिनाच्या वहीतली थकबाकी शर्यतीच्या दिवशी उघडी पडते. ती आदल्या संध्याकाळी, हातात फडके आणि पाण्याची नळी घेऊन चुकती करावी. आणि मैदानात घड्याळाकडे एक डोळा असेल, तर दुसरा काट्याकडे असावा.